मोटरसायकलच्या पेट्रोलचा दिवा लुकलुकायला लागला की काय करायचं, आणि कुठल्या क्रमाने

"दिवा लागल्यावर गाडी किती जाते?" हा प्रश्न मला वर्षातून वीसदा तरी ऐकू येतो, आणि विचारणाऱ्याला दरवेळी एक आकडा हवा असतो. तीस, चाळीस, साठ. तो आकडा मी देत नाही. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा घेऊन निघालेली माणसं गाडी ढकलत परत येताना मी पाहिली आहेत, आणि एकदा त्यातला एक मीच होतो.

गोंधळाचं मूळ एकच आहे. दिवा माप दाखवत नाही. टाकीतली पातळी एका ठरलेल्या रेषेखाली गेली, एवढंच तो सांगतो. रेषेखाली किती पेट्रोल उरलंय, त्यातलं किती इंजिनापर्यंत पोहोचेल आणि तेवढ्यात तुमची गाडी आजच्या रस्त्यावर, आजच्या ओझ्यासकट किती धावेल, हे त्याला माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत असावं लागतं, तेही दिवा लागायच्या आधी. म्हणून खालच्या नऊ टप्प्यांतले पहिले चार निघण्यापूर्वीच उरकायचे आहेत. लोक थेट पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

टप्पा १ : आपली गाडी कोणत्या जातीची ते बघा

टाकीखाली, बहुधा डाव्या बाजूला, ऑन-रिझर्व्ह-ऑफ असा नॉब आहे का? असेल तर गाडी कार्ब्युरेटरची. नॉब नाही आणि चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद "घूं" असा बारीक आवाज येतो? मग गाडी एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला, त्यानंतर घेतलेली मोटरसायकल बहुतेक एफआयच असणार.

हा फरक पुढच्या प्रत्येक टप्प्यात लागतो. कार्ब्युरेटरची गाडी कोरडी पडली तर फार तर तुमची पायपीट होते. एफआयमध्ये पेट्रोलचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो, आणि त्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. टाकी वारंवार तळाला नेली तर पंप उघडा पडून तापतो, तळाचा गाळ जाळीत ओढला जातो आणि एक दिवस पंप बदलायची वेळ येते. त्याचा खर्च कित्येक टाक्या पेट्रोलच्या बरोबरीचा असतो.

आता डिस्प्ले. साधारण चार प्रकार दिसतात, आणि एकाच गाडीत दोन-तीन एकत्रही असतात.

१. काटा आणि लाल पट्टा. दिवा असेल किंवा नसेल.
२. काड्या. शेवटची काडी लुकलुकते किंवा पंपाचं चित्र लुकलुकतं.
३. ट्रिप एफ. पातळी रेषेखाली गेली की ओडोमीटरच्या जागी आपोआप हा आकडा येतो आणि शून्यापासून वर मोजू लागतो. यामाहा, रॉयल एन्फिल्ड, केटीएमच्या बऱ्याच मॉडेलांत तो आहे.
४. "अजून इतके किलोमीटर" असा उलटा मोजणारा आकडा.

तिसऱ्या आणि चौथ्यात लोकांची हमखास गफलत होते. ट्रिप एफ वर १२ दिसले म्हणजे १२ किलोमीटर *राहिले* असं नव्हे, दिवा लागल्यापासून १२ किलोमीटर *झाले*. माझ्या मावसभावाने हा आकडा १२ चा १८ होताना पाहिला आणि "उतारावर गाडी पेट्रोल वाचवतेय" म्हणून खूश झाला.

> सावध : पंपाचं चित्र म्हणजे पेट्रोल. नळीतून थेंब पडणाऱ्या झारीसारखं लाल चित्र म्हणजे इंजिन ऑइल. पिवळं इंजिनाचं चित्र म्हणजे इंजिनाच्या यंत्रणेत बिघाड. ऑइलचा दिवा चालत्या गाडीत लागला तर "पंपापर्यंत जाऊ" हा विचारही नको. जागेवर इंजिन बंद करा.

> तपासा : चावी फिरवल्यावर सगळ्या काड्या आणि दिवे क्षणभर लागून विझतात. ती डिस्प्लेची स्वतःची चाचणी आहे, इशारा नाही. मात्र त्या वेळी पेट्रोलचा दिवा *लागलाच नाही* तर तो गेलेला असू शकतो. मॅन्युअलमध्ये कुठले दिवे लागायला हवेत ते बघून घ्या.

टप्पा २ : दिवा लागतो तेव्हा टाकीत किती असतं ते मोजा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि दहातले नऊ जण तो करत नाहीत. खर्च काही नाही. दिवा लागल्यावर लगेच टाकी फुल करायची आणि दोन आकडे लिहून ठेवायचे, बस.

हे शहरात करा, पंप पाच-दहा किलोमीटरच्या आत असेल तेव्हा. क्रम असा :

१. दिवा पहिल्यांदा लागला की ओडोमीटर वाचा. पण खरी नोंद धरायची ती सपाट रस्त्यावर किलोमीटरभर चालवूनही दिवा टिकला तर.
२. थेट पंपावर जा. पुन्हा ओडोमीटर वाचा.
३. गाडी डबल स्टँडवर घ्या. डबल स्टँड नसेल तर कुणाला तरी सरळ धरायला सांगा.
४. नोझल पहिल्यांदा "क्लिक" करून आपोआप बंद होईल तिथपर्यंतच भरा. किती लिटर गेलं ते लिहा.
५. टाकीच्या क्षमतेतून ते वजा करा. दिव्यापासून पंपापर्यंत जळालेलं पेट्रोल त्यात मिळवा.

माझ्या गाडीचा हिशेब देतो. टाकी १३ लिटरची. दिवा लागल्यापासून पंप ८ किलोमीटरवर. टाकीत गेलं १०.४ लिटर. १३ वजा १०.४ म्हणजे २.६. गाडी शहरात ४० चं ॲव्हरेज देते, म्हणजे ८ किलोमीटरला ०.२ लिटर. २.६ अधिक ०.२, म्हणजे दिवा लागला त्या क्षणी टाकीत २.८ लिटर.

हे तीनदा करा, तीन वेगवेगळ्या वेळी. आकडे थोडे मागेपुढे येतील. सरासरी काढू नका, त्यातला *सर्वात लहान* घ्या.

एकदा मोजून भागत नाही याचं कारण टाकीच्या आत आहे. काट्यासाठी आणि काड्यांसाठी टाकीत फ्लोट असतो, पेट्रोलवर तरंगणारा. गाडी साइड स्टँडवर डावीकडे झुकली की पेट्रोल डावीकडे जातं आणि फ्लोट चुकीचं सांगतो. घाट चढताना ते मागे सरकतं, उतरताना पुढे. काही गाड्यांत दिव्यासाठी वेगळा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर, असतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तोवर तो थंड राहतो, उघडा पडला की तापतो, त्याचा रोध कमी होतो आणि दिव्याला करंट मिळतो. तापायला वेळ लागतो, म्हणून तो दिवा थोडा उशिरा लागतो आणि खडबडीत रस्त्यावर लागतो-विझतो.

> सावध : साइड स्टँडवरून उचलून गाडी चालू केल्या केल्या दिसलेली काडी खरी मानू नका. आधी किलोमीटरभर चालवा.

टप्पा ३ : आपली हद्द ठरवा

मोजलेलं २.८ लिटर सगळं वापरता येत नाही. पहिल्या क्लिकला टाकी काठोकाठ भरलेली नसते, म्हणजे आपला हिशेब मुळातच थोडा जास्त आलेला असतो. त्यात तळातलं थोडं पेट्रोल पंप ओढूच शकत नाही, आणि जे ओढू शकतो तेही संपवायचं नसतं. म्हणून माझा साधा नियम : तिसरा हिस्सा सोडून द्या. २.८ मधला तिसरा हिस्सा गेला की उरतं साधारण १.८७.

आता ॲव्हरेज. शोरूममध्ये सांगितलेलं नको, डिस्प्लेवर दिसणारंही नको. टाकी फुल करा, ट्रिप मीटर (शून्य करता येणारा किलोमीटरचा आकडा) शून्य करा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच पंपावर पहिल्या क्लिकपर्यंत फुल करा. किलोमीटर भागिले लिटर. हे एकदा नेहमीच्या वापरात काढा आणि एकदा घाटात, मागे माणूस आणि सामान असताना. इथेही लहान आकडा धरायचा. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांचे जुने आकडे तसेच धरून चालू नका. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं. नव्याने मोजा.

माझं घाटातलं, दोघं बसून, ३४ येतं. १.८७ गुणिले ३४ म्हणजे ६३ हून थोडं जास्त. मी ६० किलोमीटर धरतो. ही माझी हद्द. शंभर सीसीच्या गाडीला दिवा लागताना दीड लिटर उरत असेल आणि ती कमीत कमी ५० देत असेल, तर एक लिटर गुणिले ५०, हद्द ५० किलोमीटर.

हा आकडा चिकटपट्टीवर लिहून सीटखाली किंवा डिस्प्लेच्या कडेला लावा. डोक्यात ठेवलेला आकडा रात्री अकरा वाजता, पावसात, हटकून वाढलेला असतो.

नॉबवाल्या जुन्या गाडीत बऱ्याचदा दिवा नसतो, पण मोजणं तेच. गाडी गचके खाऊ लागली आणि नॉब रिझर्व्हवर घेतला की तिथून मोजायला सुरुवात. रिझर्व्हची वेगळी टाकी नसते. ऑनवर पेट्रोल उंच नळीतून घेतलं जातं, रिझर्व्हवर तळाजवळच्या तोंडातून, एवढंच.

टप्पा ४ : निघण्यापूर्वी

प्रत्येक वेळी टाकी फुल केली की ट्रिप ए, म्हणजे पहिला ट्रिप मीटर, शून्य करा. एवढी एक सवय लागली तर अर्धा लेख नाही वाचला तरी चालेल. दिवा हा एक साक्षीदार, ट्रिप मीटर दुसरा. दोघांचं जुळलं पाहिजे. माझ्या गाडीत १३ वजा २.८ म्हणजे १०.२ लिटर, गुणिले ४०, म्हणून दिवा साधारण ४०० किलोमीटरच्या आसपास लागायला हवा, घाट जास्त असला तर आधी. साडेचारशे झाले तरी लागला नाही, तर दिव्यावर संशय घ्यायचा. दोनशेलाच लागला तर पेट्रोल गळतंय, कुणी काढलंय, किंवा सेन्सर बिघडलाय.

रस्ता बघताना पंपांमधलं *सर्वात मोठं अंतर* शोधा, एकूण अंतर नव्हे. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर पेट्रोलची चिंता कुणी करत नाही. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळे आपण आपोआप पंपांच्या रस्त्यावर असतो. पण पुण्याहून ताम्हिणी उतरायचं असेल तर पिरंगुट-पौडलाच टाकी भरून घ्यावी. "पुढे मिळेल" म्हणून मुळशीचं पाणी बघत निघालं की पुढे काही मिळत नाही. वरंधा, माळशेज, आंबोली, सगळीकडे हाच नियम : घाटाच्या पायथ्याचा पंप सोडायचा नाही, मग टाकी अर्धी असली तरी.

खिशात पाचशेची एक नोट सुटी ठेवा. गावाकडच्या पंपावर रेंज गेली की यूपीआय जातं, आणि तुम्ही पेट्रोलच्या समोर उभे राहून पेट्रोलविना राहता.

> तपासा : टायरमध्ये हवा. कमी हवेवर ॲव्हरेज घसरतं आणि हद्द न सांगता आखडते.

टप्पा ५ : दिवा लागला, पहिली पाच मिनिटं

१. ब्रेक दाबू नका, मागचा माणूस आदळेल. वेग हळू उतरवा.
२. ट्रिप बी, म्हणजे दुसरा ट्रिप मीटर, शून्य करा, किंवा ट्रिप एफ सुरू झालाय का बघा. दोन्ही नसेल तर ओडोमीटरचे शेवटचे तीन अंक मोठ्याने म्हणा. मागे बसलेल्याला सांगितले तर तो लक्षात ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी विचारतो, हा वेगळा फायदा.
३. डावीकडे, डांबराच्या बाहेर, दिसेल अशा जागी थांबा. बोगद्यात, पुलावर, वळणावर नाही.
४. आता मोबाइल. पंप शोधताना तीन गोष्टी बघा : अंतर, *आपल्या बाजूला आहे का*, आणि उघडा आहे का. चौपदरी रस्त्यावर पलीकडचा पंप नकाशात पाचशे मीटरवर दिसतो आणि यू-टर्न घेऊन सहा किलोमीटर पडतो. आतल्या रस्त्यांवरचे पंप रात्री लवकर बंद होतात. नंबर दिलेला असेल तर फोन करा.
५. पुढचा पंप हद्दीच्या आत असेल तरच पुढे. नसेल तर मागे फिरा.

पाचव्या मुद्द्यावर माणसं अडतात. मागे फिरणं कुणाला आवडत नाही. मी ताम्हिणीत अडकलो तो याच पायी. चढावर दिवा लागला, सपाटी आल्यावर विझला, आणि मी स्वतःला समजावलं की दिवाच बिघडलाय. पौड मागे जेमतेम वीस किलोमीटरवर होतं. पुढे उतारावर दिवा पुन्हा लागला तो विझलाच नाही. त्या दिवशी चिकटपट्टीवर आकडा नव्हता, ट्रिप शून्य केलेला नव्हता, म्हणजे वर लिहिलेलं काहीच केलेलं नव्हतं.

> सावध : चढावर लागून सपाटीवर किंवा उतारावर विझलेला दिवा हा *लागलेलाच* दिवा. प्रवासात मोजणी पहिल्यांदा लागला तिथपासून धरा.

टप्पा ६ : पंपापर्यंत नेणं

इथे ऐकीव सल्ल्यांचा पाऊस आहे, म्हणून थोडं सविस्तर.

वेग ४५-५० च्या आसपास, एकसारखा. वरचा गिअर, पण इंजिन धडधडेल इतका वरचा नाही. धडधडलं तर एक गिअर खाली. थ्रॉटल हळू उघडा, पुढचं दिसत असेल तर ब्रेकची वेळच येऊ देऊ नका. ब्रेक दाबला की तो वेग कमवायला जाळलेलं पेट्रोल गेलं.

उतारावर बंद करून गाडी सोडायची सवय टाका. इंजिनाचा ब्रेक जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि चावी चुकून पूर्ण फिरली तर हँडल लॉक होऊ शकतं. घाटात हँडल लॉक झालं तर काय होतं ते लिहून सांगायला नको. शिवाय एफआय गाडीत याचा उपयोगही नाही. उतारावर गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल पूर्ण बंद केला की इंजेक्टर पेट्रोल टाकणंच थांबवतो, चाकच इंजिन फिरवत असतं. न्यूट्रलला टाकली तर मात्र इंजिनाला चालू राहण्यासाठी पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा पेट्रोल वाचवत नाही, जाळतो. कार्ब्युरेटरच्या गाडीला ही सोय नाही, पण तिलाही गिअरमध्येच उतरवा, ब्रेकसाठी.

सिग्नलला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद. हेडलाइट बंद करून, हॉर्न न वाजवून पेट्रोल वाचवायच्या फंदात पडू नका.

आणि पहिला पंप आला की *तिथेच* थांबा. पुढचा पंप चांगला आहे, तिथे चहा मिळतो, हे सगळं टाकी भरल्यावर.

टप्पा ७ : पंपावर

इंजिन बंद, चावी काढलेली, गाडी सरळ. मीटरवर शून्य आहे ना बघा. मापाबद्दल शंका असेल तर पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप असतं, त्यात मोजून दाखवा असं ग्राहक म्हणू शकतो.

"शंभरचं टाका" ही या टप्प्यातली मोठी चूक. शंभर रुपयांत आता लिटरभरही येत नाही. एवढ्याने दिवा विझेलच असं नाही, काडी चढेलच असं नाही, आणि मग लोक म्हणतात मीटर खराब झालाय. काटा आणि काड्या मुद्दाम सावकाश हलाव्यात अशीच रचना असते, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात त्या नाचल्या असत्या. दिवा लागलेला असताना निदान तीन-चार लिटर टाका, एक-दोन किलोमीटर चालवा, मग डिस्प्ले बघा. ट्रिप एफ काही गाड्यांत लगेच जात नाही. यामाहाच्या अनेक मॉडेलांत पेट्रोल भरून ५ किलोमीटर गेल्यावर तो आपोआप हटतो.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. क्लिक झाल्यावर "अजून थोडं, अजून थोडं" करत काठापर्यंत भरू नये. पेट्रोल उन्हात फुगतं, त्याला जागा लागते. बीएस-६ गाड्यांत टाकीची वाफ शोषणारा कॅनिस्टर असतो. त्यात वाफेऐवजी थेट पेट्रोल गेलं की तो खराब होतो आणि गाडी विचित्र वागायला लागते.

> तपासा : पंपावरून निघण्याआधी झाकण बंद, ट्रिप ए शून्य, आणि नॉबवाली गाडी असेल तर नॉब *पुन्हा ऑनवर*. नॉब रिझर्व्हवरच राहिला तर पुढच्या वेळी गचके येतील तेव्हा टाकी खरोखर रिकामी असेल.

टप्पा ८ : तरीही गाडी बंद पडली

ढकलायला लागण्याआधी तीन गोष्टी बघा. किल स्विच (हँडलवरचं, इंजिन बंद करायचं बटण) चालू बाजूला आहे का? साइड स्टँड पूर्ण वर आहे का? टाकीचं झाकण उघडल्यावर "फुस्स" करून हवा आत गेली का? गेली असेल तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय आणि टाकीत पेट्रोल असूनही इंजिनाला मिळत नव्हतं. झाकण उघडून लावा, गाडी चालू होईल. किल स्विचसाठी दोन किलोमीटर गाडी ढकललेला माणूस मला माहीत आहे. त्याच्या घरी हा विषय काढत नाहीत.

पेट्रोल खरंच संपलं असेल तर :

१. गाडी रस्त्याबाहेर घ्या, इंडिकेटर लावा.
२. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर एक शेवटचा उपाय आहे. टाकी मधल्या दांड्यावर खोगिरासारखी बसलेली असते, त्यामुळे नॉबच्या विरुद्ध बाजूला थोडं पेट्रोल अडकतं. चावी बंद ठेवून गाडी *नॉबच्या बाजूला* चांगली झुकवा, दहा सेकंद धरा, सरळ करा. एक-दोन किलोमीटरची सोय होते. एफआय गाडी आडवी पाडू नका. गाडी पडल्याचं ओळखणारा सेन्सर इंजिन बंद करून ठेवतो, आणि पंपाला तळातलं कोरडं ओढायला लावण्यात अर्थ नाही.
३. पेट्रोल आणायला धातूचा, घट्ट झाकणाचा डबा न्या. प्लास्टिकच्या बाटलीत बहुतेक पंप देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.
४. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करा. जागा असुरक्षित वाटली तर ११२.

टपरीवरच्या बाटलीतलं पेट्रोल किती जुनं, त्यात काय मिसळलंय, काही सांगता येत नाही. दुसरा इलाजच नसेल तर पंपापर्यंत पोहोचण्यापुरतं घ्या, आणि मग चांगल्या पेट्रोलने टाकी भरून ते पातळ करा.

> सावध : नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. घोटभर फुप्फुसात गेलं तर थेट दवाखाना. गिळलं गेलं तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, उलटीबरोबर ते फुप्फुसात जाऊ शकतं. डॉक्टरकडे न्या. मित्राच्या एफआय गाडीचा पाइप सोडवून पेट्रोल काढणंही नको. बऱ्याच गाड्यांत त्या पाइपात साधारण ३ बार दाब असतो, पेट्रोल फवाऱ्यासारखं गरम इंजिनावर उडतं.

पेट्रोल टाकल्यावर एफआय गाडीला लगेच सेल मारत बसू नका. पाइपात हवा भरलेली असते. चावी चालू करा, "घूं" आवाज थांबेपर्यंत थांबा, चावी बंद करा. असं तीन-चार वेळा. मग सेल मारा, एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये दहा-पंधरा सेकंद विश्रांती. हे न करता सेल मारत राहणारा पेट्रोल आणून बॅटरी घालवतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत नॉब रिझर्व्हवर करून अर्धा मिनिट थांबा, मग किक.

टप्पा ९ : टाकी भरलेली आणि दिवा तरीही चालू

सगळ्या काड्या एकत्र लुकलुकत असतील तर तो बहुधा सेन्सरच्या वायरिंगमधला दोष. काटा कायम फुलवर किंवा कायम तळाला असेल तर फ्लोट अडकलाय किंवा सेन्सरची जोडणी सुटलीय. अशा वेळी डिस्प्ले विसरा आणि ट्रिप ए वर चालवा, दुरुस्ती होईपर्यंत तुमची टाकी तोच मोजतो. खात्री करायची असेल तर गाडी थंड असताना, उजेडात, झाकण उघडून आत बघा. काडेपेटी, लायटर जवळपासही नको. हे सांगावं लागतं, कारण लोक करतात.

माझ्या गाडीत एकदा सर्व्हिसिंगनंतर असंच झालं. टाकी सव्वादोन दिवसांपूर्वी भरलेली, आणि डिस्प्ले म्हणतो रिकामी. मी पुन्हा पंपावर गेलो, दीड लिटरही गेलं नाही. गॅरेजवाल्याने एअर फिल्टरसाठी टाकी उचलली होती आणि बसवताना सेन्सरचं पांढरं कनेक्टर जोडायचं विसरला होता. दोन मिनिटांचं काम, पण त्यासाठी सीट, बाजूचे पॅनल, टाकीचे बोल्ट सगळं पुन्हा उघडावं लागलं. तेव्हापासून गाडी सर्व्हिसिंगला देताना चावी फिरवून डिस्प्लेचा एक फोटो काढतो, आणि घेताना गॅरेजच्या दारातच दुसरा. काड्या आणि ओडोमीटर जुळले की मगच पैसे देतो.